कौसाच्या मापाची चौकट

३ नोव्हेंबर, सोमवार

वर्गाचा पहिला दिवस. वसमतला हळदीचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलंय. एका अंगाला सुतारकाम, दुसऱ्या अंगाला गवंडीकाम. भिंतींना अजून हळदीचा वास. घरी आलो तर शर्टाची कॉलर पिवळी, हळद लागलेल्या नवरदेवासारखी. वय शेचाळीस. शिकवणारे पांचाळ सर माझ्याहून लहान असतील. त्यांनी सगळ्यांना वह्या दिल्या, रोज काय शिकलात ते लिहा म्हणाले. तर लिहितो: आज काही शिकलो नाही, हजेरी झाली.

कौसा काल गेली. मेंढरं, कुत्री, तिचा भाऊ सोपान, सगळं बिऱ्हाड. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं आणि पाऊस लागला की परतायचं, लग्न झाल्यापासून हेच. यंदा बायको गेली आणि नवरा दारात. दारात तरी कुठं, दार अजून व्हायचंय.

५ नोव्हेंबर

सरांनी वही तपासली. कौसाचं वाचलं असणार. खाली लाल सही केली. ते पान फाडून या दुसऱ्या वहीत चिकटवलं. ती वही सरांची, ही माझी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाय दुखतोय. गुडघ्याच्या खाली सळई आहे. गेल्या पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात मेंढी काढायला उतरलो. मेंढी निघाली, पाय राहिला. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, बसून करायचं काम बघा, चालणं विसरा. मला काय येतं चालण्याशिवाय? दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडून होतो. तेव्हा कौसाच म्हणाली की तुमी सुतारकाम शिका, तवर एक हंगाम मी न् सोपान मेंढरं सांभाळतो. तुमचं शिकणं झालं, घरकुल उभं राहिलं, की मेंढरं विकायची आणि दोघांनी घरात राहायचं.

असं ठरलंय. तिनंच ठरवलंय. एक हंगाम म्हणजे काय, डोळे मिटून उघडले की संपतो. आम्हाला लेकरू नाही. म्हणजे वाट बघायची ती एकमेकांचीच.

१९ नोव्हेंबर

रंधा मारायला शिकलो. सर म्हणतात लाकडाला पण केसासारखी दिशा असते, उलटा रंधा मारला की ते चिडतं. हे मला लगेच समजलं. मेंढीची लोकर उलटी कातरून बघा म्हणावं.

गवंडीकामाकडं चव्हाण आहे, औंढ्याकडच्या तांड्यावरचा. ऊस तोडायचा. बायको शांताबाई पण त्याच्याबरोबर शिकते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, तर हा कोयता आता विटा रचतो. शांताबाई माल कालवते, चव्हाण थापी मारतो, दोघं दिवसभर भांडतात. दुपारी एकाच डब्यात जेवतात. मी माझा डबा घेऊन बाहेर जाऊन बसलो. मला बघवलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कौसाचा फोन. कुणाच्या तरी शेतावर चार्जिंग केलं म्हणाली. अर्धापूरच्या अलीकडं आहेत. रात्री शेतात मेंढरं बसवतात, रानाला खत पडतं, मालक दाणे देतो. मालक बरा आहे. एक मेंढी व्याली, दोन पिलं. काळ्या तोंडाची. तिचा आवाज मोठा झालाय. वाऱ्यात बोलून बोलून होतो तसा. मी विचारलं, माझ्याशिवाय कसं चाललंय? तिला वाटलं मी मेंढरांचं विचारतोय. म्हणाली, झ्याक चाललंय.

९ डिसेंबर

पटाशीनं अंगठा कापला. एका लाकडाला भोक पाडायचं, दुसऱ्याचं टोक त्यात बसवायचं. माझं टोक दर वेळी ढिलं. सर म्हणाले, "घाई काहून करायलास? कुठं जायचं हाय तुला?"

कुठंच नाही. तेच तर.

२२ डिसेंबर, सोमवार

थंडी. गोदामात सगळे विस्तवावर हात शेकून कामाला लागले. माझा सांधा आज पहिल्यांदा घट्ट बसला. खिळा नाही, गोंद नाही. हलवून बघितला, सरांनी हलवून बघितला, चव्हाणनं येऊन लाथ मारून बघितली. हलला नाही. आनंद झाला, आणि लगेच वाटलं कौसाला सांगावं. फोन लावला. लागला नाही. चार-पाचदा लावला. मग आनंद शिळा झाला.

संध्याकाळी तिचा आला. मी सांध्याचं सांगायला लागलो तर म्हणाली थांबा, लांडग्याची भानगड आहे, दोन कुत्री जखमी झालीत. मग लांडग्याचंच बोलणं झालं. ती एकटी काठी घेऊन मागं धावली म्हणे. सांगताना हसत होती. मी घाबरलो तिच्यासाठी. आणि मी तिथं नव्हतो याचं वाईट वाटलं, ते वेगळंच. तिला माझी गरज पडली नाही याचं पण वाटलं. खोटं कशाला लिहू.

६ जानेवारी, मंगळवार

शेवटचं काम म्हणून प्रत्येकानं एक मोठी वस्तू करायची. मी चौकट घेतली. आमच्या घरकुलाची. जोत्यावर विटा येऊन पडल्यात, भिंती चव्हाण आणि शांताबाई बांधणार, त्यांचंही तेच शेवटचं काम. लाकूड आमच्या बांधावरच्या कडुनिंबाचं, घराचा पाया भरायच्या आधीच तोडून वाळत घातलेलं.

सगळे टेपनं मोजतात. मी माझी काठी आणली. त्या काठीवर कौसाच्या उंचीच्या खुणा आहेत, जुन्या. ओढ्याला पाणी आलं की काठी बुडवून बघायचो. पाणी तिच्या छातीच्या खुणेला लागलं की त्या दिवशी थांबायचं, कंबरेला असलं की उतरायचं. डोक्याची पण खूण आहे. ती मी उगीच केली होती. डोक्याच्या वर गाठोडं, गाठोड्यावर कोंबड्यांचं डालगं. आयुष्यभर ती हे डोक्यावर घेऊन चालली, आणि कुणाच्या दारात आसरा मिळाला की वाकून, मान वाकडी करून आत शिरली. डालगं आपटायचं, कोंबड्या बोंबलायच्या, घरची बाई कपाळाला हात लावायची. म्हटलं, स्वतःच्या घरात तरी हिनं ताठ मानेनं शिरावं. काठी, वर गाठोडं, वर डालगं, वर चार बोटं मोकळी. खडूनं खूण केली आणि कापलं.

८ जानेवारी

सरांनी चौकट उभी करायला लावली. उभी केली. सगळं गोदाम बघायला लागलं.

"चौकट हाय का गावाची वेस?" सर म्हणाले. "यातून काय हत्ती काढायचाय?"

सात फूट असते म्हणे. माझी साडेआठाच्या वर. दार शोभणार नाही, वरची पट्टी वाकेल, खिडक्यांच्या रांगेत येणार नाही. चव्हाण पण बोंबलला, माझी भिंत माकडावाणी दिसंल. सांधे मात्र चांगले आहेत असं सर म्हणाले, कापून सातावर आण. मी कारण सांगितलं नाही. सगळ्यांसमोर काय सांगायचं, बायकोच्या डालग्याचं माप आहे म्हणून? म्हणालो, घरचं माणूस बघेल, मग कापू.

१५ जानेवारी

काल संक्रांत. शांताबाईनं वर्गात तिळगूळ वाटला. कौसाला फोन केला. तिथं कुण्या शेतमालकिणीनं तिला वाण दिलं, बांगड्या भरल्या. खूश होती. चौकट झाल्याचं सांगितलं. बरं झालं, म्हणाली. कशी झाली ते विचारलं नाही. मीच सांगितलं नाही किती उंच आहे ते. आल्यावर बघू दे.

२८ जानेवारी, बुधवार

भिंती कंबरेच्या वर आल्या. मधे दाराची जागा मोकळी. चौकट बसल्याशिवाय पुढं विटा लावता येत नाहीत, चौकटीला धरूनच भिंत वर जाते. चौकट बसवायची तर पूजा, पूजेला जोडपं पाटावर पाहिजे. चव्हाण रोज विचारतो, वहिनी कधी येऊन राहिली? मी म्हणतो येईल. काल म्हणाला, "पावणं, विटा मी धरून ठीवू शकतो, सिमेंट न्हाई थांबत." सिमेंटची पोती ओल धरतायत.

कौसाला तीनदा निरोप दिला. एकदा फोन सोपाननं उचलला. बघतो दाजी, म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, बघतो म्हणाला की तो बघत नाही.

५ फेब्रुवारी

येणार! रविवारी. एक दिवस. दाढी केली. आज गुरुवार आहे, दाढी रविवारपर्यंत परत येईल. असू दे.

८ फेब्रुवारी, रविवार

आली. दुपारच्या एसटीनं आली, पाचच्यानं गेली.

जमेल तसं लिहितो.

उतरली तेव्हा ओळखायला क्षण लागला. काळी पडलीय, वाळलीय, पण चाल जड नाही. अंगात सोपानचं जुनं जाकीट. सगळं घर फिरून बघितलं, भिंतीला हात लावून बघितला, शांताबाईच्या कामाला नावाजलं. चौकट लिंबाला टेकवून ठेवली होती. तिच्यापाशी आली आणि वर बघितलं.

"एवढी उंच काहून केली?"

सांगितलं. काठीचं, गाठोड्याचं, डालग्याचं. ती हसली. इतकं हसली की पदर तोंडाला लावला. मला वाटलं जिंकलो. मग हसणं थांबलं आणि डोळे पुसत म्हणाली, "अवो, आता डोक्यावर काई घेत न्हाई मी. सोपाननं टेम्पो केला. इथनं निघाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून बिऱ्हाड टेम्पोत येतंय."

मला माहीत नव्हतं. इतक्यांदा फोनवर बोललो, लांडग्याचं बोललो, पिलांचं बोललो, आणि बायकोच्या डोक्यावर ओझं आहे का नाही ते मला माहीत नव्हतं.

बाहेर तीन विटा मांडून तिनं पिठलं केलं. तिच्या हातचं किती दिवसांनी. दोघं बाहेरच जेवलो. मग मी पूजेच्या दिवसाचं काढलं. ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. म्हणाली, पूजेला मला धरू नका, चव्हाण नवरा-बायको बसवा पाटावर. मी काहून म्हणालो. चिडून म्हणालो.

"पाटावर बसले की मला या घरात राहावं लागंल. राहायचं नसंल तर देवासमोर खोटं कसं बसू?"

मी आठवण करून दिली, तूच ठरवलं होतंस. व्हय, म्हणाली, तवा तुमी भिंतीकडं तोंड करून पडलेले, मी काईबी ठरवलं असतं. दवाखान्यात त्या खोलीत तुमच्याजवळ राह्यले, जीव गुदमरून गेला माझा. तवाच समजलं होतं. बोलले न्हाई.

मग जे बोलली ते शब्दाला शब्द लिहितो. "मेंढरं इकली की मी काय करू? तुमाला लाकूड घावलं. मला काय घावंल?"

मी ताट बाजूला सारलं.

ती म्हणाली, तुमी चला मंग. टेम्पोत बसून या. मी म्हणालो, टेम्पोत भांड्याशेजारी बसू काय, नवरा म्हणून? तुमी पुढं चालणार आणि मी मागून सामानाबरोबर येणार? हे बोलायला नको होतं. खरं होतं, तरी नको होतं. ती उठली. भांडी घासली. पाणी भरून ठेवलं. माझ्या पायाला तेल लावून दिलं, सळईच्या जागी हात थांबवला.

एसटीपर्यंत पोचवायला गेलो. आमच्यात नेहमी ती पुढं चालायची. मी ओरडायचो, अगं थांब. आज ती माझ्या पावलानं चालत होती, एक पाऊल टाकायची नि थांबायची, मला कळू नये म्हणून बाभळीकडं बघायची. ते सोसलं नाही. फाट्यावर म्हणालो, जा आता, मी इथं थांबतो. गेली. गाडीत चढताना मागं बघितलं तिनं. मी पण बघितलं. काय करायचं त्या बघण्याचं.

९ फेब्रुवारी

वर्गाला गेलो नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सरांना म्हणालो, कापतो. सर म्हणाले घरच्या माणसानं बघितली का? म्हणालो बघितली. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि करवत स्वतः आणून दिली. वरची पट्टी काढली, दोन्ही उभ्या बाजू सातावर आणल्या, नवे सांधे पाडले. कडुनिंब कापताना कडू वास येतो, डोळ्यात जातो, त्यामुळं बरं झालं. कापलेले तुकडे शांताबाईनं चहाच्या चुलीत घातले. नको म्हणावं असं एकदा वाटलं. मग म्हटलं, चहा तरी होईल.

चव्हाणला पूजेचं विचारलं. त्यानं थापी खाली ठेवली नि शांताबाईकडं पाहिलं. शांताबाई म्हणाली, "भाऊ, आमी बसतो. पर वहिनीला आणखी एकदा इचारा." विचारून झालं, म्हणालो.

कौसावर राग आहे. तिच्यासारखी बाई दुसरी नाही, हेही आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असतं कोण जाणे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चौकट बसली.

पांचाळ सर आले, वर्गातले चार-सहा जण आले, गल्लीतल्या बाया आल्या. पाटावर चव्हाण नवी टोपी घालून, शेजारी शांताबाई, उपरण्याला पदराची गाठ. उंबऱ्याला हळदकुंकू, वर आंब्याची पानं, पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधून पट्टीला. मी चौकट धरून उभा. ओळंबा सोडला, एका बाजूला सूतभर झुकत होती, खाली लाकडाची बारीक चिपळी ठोकली, सरळ झाली. सर म्हणाले, बराबर.

नारळ फुटला. मग जोडप्यानं सुताराला मान द्यायचा असतो. टॉवेल, टोपी, शिधा. या घराचा सुतार मीच. चव्हाणनं उठून मीच बाजारातून आणलेला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी घातली आणि खाली वाकून पाया पडला. शांताबाई पण पडली. काय आशीर्वाद द्यायचा ते सुचेना. जोडीनं राहा, म्हणालो. आणि त्याच टॉवेलानं डोळे पुसले. बायांना वाटलं धूर गेला.

माझ्याच घरी मी सुतार म्हणून उभा राहिलो. मालकाच्या जागी दुसरा बसला. आणि चौकट चांगली झालीय, हे पण खरं. सगळे तेच म्हणत होते. सरांनी दोनदा हात फिरवला.

जेवणं झाली. सगळे गेले. चौकटीतून आत-बाहेर केलं. अजून छत नाही, आत गेलं तरी आभाळच. तिला इथवर तरी चाललं असतं का?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात दाराची फळी घे. फळी झाली की कोर्स झाला.

दिवेलागणीला कौसाचा फोन. त्या दिवसानंतर पहिलाच. पाय कसा आहे विचारलं. ठीक. मेंढरं कशी आहेत विचारलं. ठीक. काळ्या तोंडाचं एक पिलू गेलं, एक आहे. मग म्हणाली, पूजा झाली का? झाली म्हणालो. कोण बसलं? सांगितलं. चांगलं झालं, म्हणाली. मागं मेंढरं ओरडत होती, कुणीतरी बादली ओतली. मग तेही ऐकू येईना, मला वाटलं फोन कटला. कौसा, म्हणालो. हाय, म्हणाली.

मग विचारलं, "दार कोणत्या अंगाला उघडतंय?"

म्हणालो, दार अजून केलं नाही.

"मंग करू नका आत्ताच, मी बघितल्याबिगर," म्हणाली. आणि फोन ठेवला.

सर विचारतील तर सांगेन, फळी ओली आहे, वाळू द्यावी लागेल.